वार खाली असताना अंतराचा हिशेब

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका वाडीत राहते. वय २९ आहे. पहिली मुलगी चार वर्षांची असून तिच्या वेळी सिझर झाले होते. आता बाविसावा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यातील सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असून पिशवीच्या (गर्भाशयाच्या) तोंडावर आली आहे, असे आढळले. डॉक्टरांनी ‘जपून राहा, पुन्हा सोनोग्राफी करू’ एवढेच सांगितले. सासूबाईंनी खाटेवरून उतरायला बंदी केली आहे. पायांखाली उशा घेऊन निजले की वार वर चढते, असे शेजारच्या काकी सांगून गेल्या, त्यामुळे तेही चालू आहे. आंब्याच्या हंगामात मी पेट्या भरत होते, उचलतही होते. त्यामुळेच हे झाले का, हा विचार डोक्यातून जात नाही. पंधरा दिवसांपूर्वी एका रात्री थोडे लाल डाग दिसले होते, दुखले काहीच नाही. उष्णता असेल म्हणून सासूबाईंनी सब्जाचे पाणी दिले, डॉक्टरांना सांगितले नाही. यजमान नालासोपाऱ्याला असतात, ते ‘इकडे ये’ म्हणतात. आमची वाडी वहाळापलीकडे (ओढ्यापलीकडे) आहे. तारीख नेमकी गणपतीच्या आठवड्यातली असल्यामुळे सोयराचाही प्रश्न घरात निघाला आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे त्या रात्रीचे लाल डाग. हे उद्याच डॉक्टरांच्या कानावर घाला. फोनवर सांगता आले तर आजच सांगा. काही न दुखता अचानक ताजे लाल रक्त जाणे ही वार खाली असल्याची ठरलेली खूण आहे आणि उष्णतेशी तिचा काही संबंध नाही. सब्जाने अपाय झाला नाही, पण त्याने उलगडाही झाला नाही. असा पहिला रक्तस्राव बहुधा थोडा असतो आणि आपोआप थांबतो, म्हणूनच तो घरातल्या घरात विसरला जातो. पुढचा केव्हा होईल आणि किती होईल हे मात्र कोणालाच आधी सांगता येत नाही. जिला एकदा रक्त गेले आहे तिच्या तपासण्या डॉक्टर जवळजवळच्या ठेवतात आणि रुग्णालयात राहायला केव्हा यायचे याचा विचारही लवकर सुरू करतात. शिवाय तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर अशा रक्तस्रावानंतर शक्यतो ७२ तासांच्या आत अँटी-डीचे (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ नयेत म्हणूनचे) इंजेक्शन देण्याचा विचार करावा लागतो. ती मुदत उलटून गेली असली तरी सांगा. पुढे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

आता पेट्यांविषयी. वार कोठे धरणार, हे गर्भ पिशवीत रुजतो त्याच सुमारास ठरते. तुमच्या तारखेवरून मागे मोजले तर ही गोष्ट पौषाच्या आसपास घडून गेली. तेव्हा हापूस अजून मोहोरात होता आणि दिवस गेल्याचे तुम्हाला कळलेही नव्हते. त्यानंतर पेंढा घालून भरलेल्या आणि टेम्पोत चढवलेल्या कोणत्याही पेटीने तुमची वार खाली आणलेली नाही. आधीचे सिझर, पूर्वी पिशवी साफ करावी लागणे, अनेक बाळंतपणे, ३५ वर्षांपुढचे वय, जुळी बाळे, टेस्ट ट्यूब पद्धतीने राहिलेला गर्भ आणि धूम्रपान अशा गोष्टींनी ही शक्यता वाढते. तुमच्या बाबतीत यांपैकी आधीचे सिझर एवढेच दिसते, आणि ते काही तुम्ही हौसेने करून घेतले नव्हते.

वार ‘वर चढते’ असे आपण सगळेच बोलतो, डॉक्टरसुद्धा बोलतात. प्रत्यक्षात ती धरलेली जागा सोडून सरकत नाही. सातव्या महिन्यापासून पिशवीचा खालचा भाग ताणून लांब होतो आणि त्यामुळे वारेची कड व पिशवीचे तोंड यांतले अंतर वाढत जाते. हे काम पिशवी आपल्या गतीने करते. पायांखालच्या उशांनी, पोट चोळण्याने किंवा कोणत्याही काढ्याने ते लवकर होत नाही. पोट चोळून घेणे तर कटाक्षाने टाळा. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ज्यांची वार खाली दिसते त्यांच्यापैकी दहांतल्या साधारण नऊ जणींची शेवटपर्यंत तोंडापासून दूर गेलेली असते, आणि पूर्ण दिवसांपर्यंत ती खालीच राहण्याचे प्रमाण साधारणपणे दोनशे गरोदरपणांत एक एवढेच आहे. हा दिलासा खरा आहे, पण तुम्हाला तो पुरता लागू करता येणार नाही, कारण तुमची वार नुसती तोंडाजवळ नसून तोंडावर आहे आणि आधीचे सिझर आहे. या दोन्ही गोष्टींनी वार दूर जाण्याची शक्यता कमी होते. म्हणून वार दूर गेली तर आनंदच आहे; तयारी मात्र ती खालीच राहील असे धरून करावी.

रिपोर्ट हातात घेऊन त्यातील एक ओळ शोधा. पिशवीच्या आतल्या तोंडाला तिथे ‘इंटर्नल ऑस’ म्हटलेले असते आणि वारेची कड त्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, किंवा त्याच्या पलीकडे किती गेली आहे, हे लिहिलेले असते. २० मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर वार खाली आहे असे म्हणतात, आणि तोंड झाकलेले असेल तर त्याला प्लॅसेंटा प्रीव्हिया म्हणतात. हा आकडा लिहिलेला नसेल तर पुढच्या सोनोग्राफीत तो मागून घ्या. पुढची सोनोग्राफी ३२ आठवड्यांच्या सुमारास आणि गरज राहिली तर आणखी एक ३६ आठवड्यांच्या सुमारास करतात. ती आतून करावी लागेल असे सांगितले तर घाबरू नका. त्या तपासणीची कांडी पिशवीच्या तोंडात शिरत नाही, ती सुरक्षित असते आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा अंतर नेमके दाखवते. बोटांनी आतून केलेली तपासणी मात्र वार खाली असताना करायची नसते, कारण तिने जोराचा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. अनोळखी रुग्णालयात रात्री-अपरात्री जावे लागले तर ‘माझी वार खाली आहे, आतून तपासू नका’ हे पहिले वाक्य तुमच्या किंवा सोबत आलेल्या माणसाच्या तोंडी असले पाहिजे. फाइलच्या पुठ्ठ्यावर ते लाल शाईने लिहून ठेवा.

सासूबाईंची खाटेची बंदी काळजीपोटी आहे, तरीही ती उठवावी असे माझे स्पष्ट मत आहे. चोवीस तास पडून राहिल्याने या स्थितीत रक्तस्राव टळतो किंवा बाळाला फायदा होतो, असे दिसून आलेले नाही. उलट गरोदरपणात आधीच रक्त गोठण्याकडे कल असतो आणि दिवसेंदिवस पडून राहिले तर पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. बद्धकोष्ठता, अंगातली शक्ती जाणे आणि दिवसभर छताकडे बघत नको ते विचार करणे हे निराळेच. स्वयंपाक करा, खळ्यात फिरा, मुलीचा अभ्यास घ्या. विहिरीचे पाणी, फाट्यांचे भारे आणि जड पेट्या यांना हात लावू नका. वार तोंडावर आहे आणि रक्त गेलेले आहे, तोपर्यंत शरीरसंबंध टाळा. यजमान सुट्टीवर येतील तेव्हा हे त्यांना आधीच मोकळेपणाने सांगा, कारण डॉक्टर संकोचाने सांगत नाहीत आणि बायका संकोचाने विचारत नाहीत. लावणीलाही यंदा जाऊ नका. वाकल्याने वार सरकते म्हणून नव्हे, तर गुडघाभर चिखलाच्या मळ्यात रक्त जाऊ लागले तर तिथून रस्त्यापर्यंत तुम्हाला आणायचे कसे, हा प्रश्न आहे म्हणून.

या सगळ्या प्रकरणात खरा प्रश्न तोच आहे. तुमच्या घरातील सगळी काळजी तुम्ही किती हलता यावर खर्च होते आहे. ती तुम्ही रक्तपेढीपासून आणि सिझरच्या टेबलापासून किती दूर आहात यावर खर्च व्हायला हवी. वार खाली असलेल्या बाईला वाचवणाऱ्या गोष्टी म्हणजे वेळेवर मिळालेले रक्त, भूलतज्ज्ञासह तयार असलेले शस्त्रक्रियागृह आणि कमी दिवसांच्या बाळाला सांभाळणारा विभाग. त्या आणि तुम्ही यांच्यामध्ये आषाढात फुगलेला वहाळ, पाण्याखाली गेलेला साकव, वाडीतली गेलेली वीज, न लागणारा मोबाइल आणि नांदगाव तिठ्यापर्यंतचा पावसातला रस्ता एवढे सगळे आहे. दिवसा कोरड्या रस्त्यावरून लागणारा वेळ मोजू नका. रात्री दोन वाजता मुसळधार पावसात, गाडीवाला उठवण्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत किती वेळ लागेल तो मोजा. तो तासाच्या वर जात असेल, आणि तुमच्या पत्रावरून तो जाईलच असे वाटते, तर ३४ आठवड्यांनंतर तुम्ही वाडीत असू नये. रक्त पुन्हा गेले तर ही मर्यादा आणखी अलीकडे आणावी लागेल. मोठे रुग्णालय ज्या गावात आहे तिथे, किंवा त्याच्या अगदी जवळ, एखाद्या आतेबहिणीकडे, मावशीकडे, नाहीतर भाड्याच्या खोलीत सोबतीच्या माणसासह राहायची सोय आताच, वैशाखात पाहून ठेवा. ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कणकवली त्यामानाने जवळची आहे. ज्या रुग्णालयाचा विचार कराल तिथे जाऊन दोनच प्रश्न विचारा : रात्री सिझर होते का, आणि माझ्या गटाचे रक्त तिथल्या तिथे मिळते का. गुळमुळीत उत्तर मिळाले तर दुसरे रुग्णालय पाहा, मग ते सरकारी असो वा खासगी.

कोणते रुग्णालय हे ठरवण्याआधी एका शंकेचे निरसन व्हायला हवे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. आधीचे सिझर असेल आणि वार पुढच्या बाजूला, खाली असेल, तर ती जुन्या व्रणावर धरलेली असण्याची शक्यता असते. अशी वार कधीकधी पिशवीच्या स्नायूत खोल रुजते आणि बाळ बाहेर आल्यावर सुटून येत नाही. याला ॲक्रिटा म्हणतात. प्रसूतीपर्यंत वार तोंडावरच राहिलेल्या आणि आधी एक सिझर झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे अकरा असते. दोन सिझर झालेल्या असतील तर ते चाळीसच्या घरात जाते. म्हणजे तुमच्या बाबतीत ते नसण्याचीच शक्यता अधिक आहे, पण पाहून घेतल्याशिवाय सोडण्याइतकी ती शंका लहान नाही. डॉक्टरांना सरळ विचारा : ‘वार व्रणात रुजली आहे का, हे डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या) सोनोग्राफीत कोण पाहील आणि केव्हा?’ शंका खरी ठरली तर शस्त्रक्रिया मोठी असते, रक्ताच्या बऱ्याच पिशव्या लागू शकतात आणि कधी पिशवी काढावीही लागते. म्हणून ती तालुक्याच्या ठिकाणी करण्याची गोष्ट नाही. अशा वेळी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, घाट चढून कोल्हापूर किंवा मुंबईचे मोठे रुग्णालय यांपैकी जिथे तुमची सोय लागते तिथे नाव नोंदवावे आणि दुखू लागण्याची वाट न पाहता बरेच आधी जाऊन राहावे. घाटाचा भरवसा पावसाळ्यात किती धरायचा, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही.

यजमानांच्या निमंत्रणाचे उत्तरही यातच आहे. ॲक्रिटाची शंका असेल तर मुंबईला जाण्यात अर्थ आहे, पण नालासोपाऱ्याला जाणे म्हणजे मुंबईच्या रुग्णालयात जाणे नव्हे. ते सकाळी लोकल पकडून कामावर गेले की दिवसभर खोलीत तुम्ही आणि चार वर्षांची मुलगी. परळचे केईएम किंवा वाडिया, शीव, नायर ही सगळी तिथून बरीच दूर. जायचेच असेल तर आधी रुग्णालयात नाव नोंदवा, राहण्याची जागा त्याच्या जवळची निवडा आणि दिवसा सोबतीला एक मोठे माणूस असेल असे पाहा. प्रवास डॉक्टरांना डागांची गोष्ट सांगून, त्यांनी होकार दिल्यावरच, आणि सातव्या महिन्याच्या आत करा; कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागले की गाड्या सावकाश चालतात आणि मधल्या बोगद्यांच्या टप्प्यात काही झाले तर उतरणार कुठे? शंका नसेल तर मात्र तुमच्या जागी मी कोकणातच, जिल्ह्याच्या रुग्णालयाजवळ राहिले असते.

हिमोग्लोबिन हा या तयारीतला तुमच्या स्वतःच्या हातातला भाग. रक्त जाण्याचा संभव असलेल्या बाईने भरल्या अंगाने त्याला सामोरे जावे. तुमचा आकडा ११ च्या खाली असेल तर तो वर आणायला अजून वेळ आहे. सरकारी लाल गोळी आशाताईंकडे मोफत मिळते. ती लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवा. कुळथाची पिठी, नाचणी, माठ, शेवग्याची पाने आणि बांगडे-पेडवे चालू ठेवा, पण आकडा बराच खाली असेल तर केवळ खाण्याने तो वेळेत भरून निघत नाही, आणि गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते. घरातल्या दोन-तीन धडधाकट माणसांनी रक्तपेढीत आधीच रक्तदान करून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावाधाव कमी होईल. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, त्यामुळे पैशांच्या भीतीने कोणी ‘थांबून बघू’ म्हणू नये.

पुन्हा रक्त दिसले, मग ते कितीही थोडे असो, तर घरी थांबून ते थांबते का हे पाहू नका. पॅड घ्या, डाव्या कुशीवर आडव्या व्हा, काही खाऊ-पिऊ नका, कारण तातडीने भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी रुग्णालयातही कळवा. मोबाइलची रेंज कुठल्या घराच्या मागच्या पडवीत मिळते हे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत असते. त्या घरचा माणूस आणि गाडी असलेला माणूस या दोघांना आताच सांगून ठेवा. रुग्णवाहिका वहाळाच्या पलीकडेच थांबणार असेल तर तिथवर खुर्चीतून कोण नेणार, तेही ठरवा. मुंबईला फोन लावून विचारण्यात वेळ घालवू नये. यजमानांना गाडीत बसल्यावर कळवता येते. वापरलेले पॅड टाकून न देता बरोबर घ्या, त्यावरून किती रक्त गेले याचा अंदाज येतो. लवकर प्रसूती करावी लागेल असे दिसले तर बाळाच्या फुप्फुसांसाठी तुम्हाला स्टिरॉइडची इंजेक्शने देतील. ती बाळाच्या भल्याची आहेत, नाही म्हणू नका.

रात्री झोप लागत नसेल आणि भीती आवरत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगेच आहे. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.

राहिला गणपतीचा प्रश्न. वार खालीच राहिली आणि मध्ये रक्तस्राव झाला नाही, तर सिझर साधारणपणे ३६ आठवडे पूर्ण झाल्यानंतर आणि ३८ वा आठवडा पूर्ण होण्याच्या आत ठरवतात, म्हणजे कळा सुरू होण्याची वाट पाहत नाहीत. ॲक्रिटाची शंका असेल तर त्याहूनही अलीकडे, ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान. याचा अर्थ तुम्ही घरात जी तारीख धरून चालला आहात ती तुमची तारीखच नाही. बाळ बहुधा श्रावणात येईल. दहा दिवसांचे सोयर मग चतुर्थीच्या आधीच फिटलेले असेल, हे सासूबाईंना सांगा, त्यांना बरे वाटेल. मात्र डॉक्टरांनी दिलेला दिवस सोयरासाठी चार दिवस पुढे ढकलून मागू नका, आणि काही कारणाने प्रसूती गणपतीतच आली तर पूजेचे काय करायचे ते भावकीने गुरुजींना विचारून ठरवावे, त्याचा भार तुमच्यावर नको. यजमानांना कळवा की यंदाची रजा गणपतीसाठी राखून ठेवू नका. सिझरच्या ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी पोचायचे आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि त्या दिवसांत चाकरमान्यांची झुंबड असते, म्हणून त्यांना आरक्षण उघडताच, म्हणजे ज्येष्ठातच, तिकीट काढायला सांगा.